पाणी मुरायला जागा

उल्का गावंडेने थर्मासमधला उरलेला चहा बर्फावर ओतला आणि तो तिथेच थांबला.

तिने वाकून पाहिलं. बशीएवढी तपकिरी चकती झाली होती. आता जाईल, मग जाईल म्हणून ती बघत राहिली. चहा गेला नाही. वाऱ्याने त्याच्यावर एक सुरकुती उमटवली, एवढंच.

मग ती उठली आणि लाल झेंड्यांच्या ओळीपलीकडे गेली. झेंड्यांच्या अलीकडे हिम दाबणारा रोलर फिरून गेला होता, पलीकडे अजून यायचा होता. पलीकडच्या हिमावर तिने झाकणातला शेवटचा घोट टाकला. फस्स आवाज झाला, बोटाएवढं भोक पडलं आणि चहा नाहीसा झाला, जणू खाली कुणी तोंड उघडूनच बसलं होतं.

दक्षिण ध्रुवाकडच्या त्या संशोधन केंद्राची इमारत मागच्या काळ्या खडकावर होती. उल्का धापा टाकत खडक चढली, वर पोचल्यावर वळली आणि समोर बघितलं. तीन दिवस ढग होते; आज पहिल्यांदा लांबवरचं स्वच्छ दिसत होतं. रोलर फिरलेल्या सगळ्या भागावर निळी तळी साचली होती. शेकड्याने. झेंड्यांच्या ओळीपलीकडे एकही नव्हतं. पट्टीने आखावी तशी सीमा होती: इकडे निळं, तिकडे पांढरं.

आणि त्या निळ्याच्या ऐन मध्यावर, केंद्रापासून वीस किलोमीटरवर, तिचा नवरा निरंजन होता.

तिला काय कळलं होतं ते समजायला हिमाचं थोडं सांगायला हवं. ध्रुवाकडे पडलेलं हिम वितळून जात नाही, साठतं. ताज्या हिमात निम्म्याहून जास्त हवाच असते. त्यावर पुढच्या वर्षीचं हिम पडतं, त्यावर त्याच्या पुढच्या. ओझ्याखाली हिमाच्या पाकळ्यांची टोकं मोडतात, त्यांचे गोल दाणे होतात, दाण्याला दाणा चिकटतो. ते आता धड हिमही नसतं आणि धड बर्फही नसतं. निरंजन त्याला मुरलेलं हिम म्हणायचा, बरणीतल्या लोणच्यासारखं. त्याच्या दाण्यांमधल्या फटी एकमेकींना जोडलेल्या असतात. आणखी खोल, साठ-सत्तर मीटरवर, शंभरेक वर्षांनी त्या फटी मिटतात, हवा बुडबुड्यांत कोंडली जाते आणि तेव्हा कुठे त्याला बर्फ म्हणायचं. हा बर्फ पाकासारखा संथ समुद्राकडे सरकतो, जमीन सोडून पाण्यावर तरंगायला लागतो. त्याची ती प्रचंड लादी वर्षानुवर्षं किनाऱ्याला चिकटून राहते. मग कधीतरी तिच्या कडेचा तुकडा मोडतो आणि हिमनग होऊन निघून जातो. आभाळातून पडलेली पाकळी हिमनगापर्यंत पोचायला हजारो वर्षं लागतात.

तरंगणारी लादी फुटल्याने समुद्र वाढत नाही. पण तिच्या मागे जमिनीवर जो बर्फ असतो, त्याला तीच अडवून धरते. लादी गेली की मागचा बर्फ धावत सुटतो. त्या वर्षांत लाद्या एकामागून एक चालल्या होत्या, आणि कोकणातली खाडीकाठची गावं घरं उचलून डोंगराकडे चढत होती. अशा वेळी निरंजन गावंडे या यवतमाळच्या इंजिनिअरने एक यंत्र बनवलं. रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारं. पोकळ सुयांमधून ते हिमात वाफ सोडायचं आणि कंपनांनी दाणे असे बसवायचं, की निसर्गाला ज्याला शतक लागतं ते एका हंगामात व्हावं. वरचे वीस मीटर मुरलेलं हिम जाऊन तिथे घट्ट बर्फ. भुसभुशीत लादीपेक्षा घट्ट लादी मजबूत, हे कुणालाही पटणारं होतं. यंत्राला मोठं नाव होतं; सगळे त्याला रोलर म्हणत.

आणि खरंच बर्फ घट्ट झाला होता. उल्काने स्वतः भोकं पाडून, नमुने काढून, वजनं करून तसं कळवलं होतं. पाण्याचं कुणी विचारलं नव्हतं. तिथल्या उन्हाळ्यात थोडं हिम नेहमीच वितळायचं आणि ते पाणी खालच्या फटींत जिरून पुन्हा गोठायचं. शतकानुशतकं ते मुरलेलं हिम स्पंजासारखं पाणी पीत आलं होतं. रोलरने स्पंजाचा दगड केला होता. 'कुठेतरी पाणी मुरतंय' असं आपण संशयाने म्हणतो. इथे ते मुरत नव्हतं, हेच भयंकर होतं.

तिने रेडिओच्या खोलीचं दार ढकललं. केंद्रप्रमुख डॉ. केळुसकर तिथे होते.

"सर, निरंजनला परत बोलवा. आत्ता."

"अगं, वारा बघ बाहेर. हेलिकॉप्टर—"

"हेलिकॉप्टर नाही तर रोलरनेच येऊ दे. लादीवर पाणी साचलंय सर. ते भेगेत शिरलं तर थांबणार नाही. पाणी बर्फापेक्षा जड असतं. एकदा भेग पाण्याने भरली की ती तळापर्यंत जाते."

केळुसकर पन्नाशी उलटलेले, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी एकदा खिडकीबाहेर पाहिलं आणि माइक तिच्या हातात दिला.

तीन दिवसांपासून मागच्या डोंगरांवरून उबदार वारा उतरत होता. त्यानेच हिम वितळवलं होतं आणि त्यानेच हेलिकॉप्टर जमिनीला जखडून ठेवलं होतं.

"निरंजन, मी उल्का. आहेस तिथून निघ. पूर्वेकडे, झेंड्यांपलीकडे जा. तो भाग अजून भुसभुशीत आहे."

"का गं? काय झालं?" निरंजनचा आवाज प्रसन्न होता. "इथे काय सुंदर दिसतंय माहितीये? सगळीकडे तळी. नोरबू म्हणतो, त्याच्या लडाखातल्यासारखी." नोरबू हा रोलरचा चालक, पन्नाशीचा शांत माणूस.

"ती तळीच तर काळजीची आहेत. पाणी मुरत नाहीये."

"अगं, मुरणार कसं? बर्फ पक्का झालाय. हेच तर आपल्याला हवं होतं."

"निरंजन, ऐक. वादळात गच्चीचं पन्हाळं तुंबलं की काय होतं?"

तो हसला. मग हसणं थांबलं. तो हुशार होता; त्याला अर्धं वाक्य पुरायचं.

"थांब," तो म्हणाला. "रेडिओ हातात घेऊन समोरच्या तळ्यापाशी जाऊन बघतो. काठावर भेगा आहेत का ते. नोरबू, तू रोलर चालू ठेव."

"बघू नकोस. निघ."

"शंभर पावलांवर आहे गं."

मग नुसता वारा ऐकू येत राहिला. उल्का माइक घट्ट धरून उभी होती. केळुसकरांनी खुर्ची तिच्यामागे सरकवली; ती बसली नाही.

"उल्का." त्याचा आवाज बदलला होता. "तळं गेलं."

"म्हणजे?"

"होतं. आत्ता होतं. माझ्या डोळ्यांदेखत खाली गेलं. मोरीचं बूच काढल्यासारखं. तळाशी मोठी भेग आहे."

"पळ," उल्का म्हणाली.

ते तळं एकटं नव्हतं. लाखो टन पाणी एका जागेवरून नाहीसं झालं की तेवढी जागा वर उचलली जाते, भोवतालचा बर्फ वाकतो आणि शेजारच्या तळ्याखाली भेग पडते. ते तळं रिकामं झालं की त्याच्या शेजारचं. केंद्राच्या खिडकीतून ते दिसत होतं. निळे ठिपके एकेक करून विझत होते, दूरवर, मग जवळ, मग सगळीकडे. त्यानंतर आवाज आला. आधी तो पायांना कळला. टेबलावरचे पेले एकमेकांवर आपटले. केळुसकर "अरे, अरे, अरे" एवढंच म्हणत राहिले, लहान मुलासारखे.

हजारो वर्षं अखंड असलेली लादी त्या दुपारी फुटली. मध्ये काळं पाणी दिसायला लागलं. तुकडे एकमेकांवर घासत, कलत, समुद्राकडे निघाले. काही उभे तुकडे सावकाश आडवे झाले आणि त्यांचे निळे तळ वर आले. झेंड्यांपलीकडचा पांढरा भाग मात्र जागचा हलला नव्हता.

"निरंजन! निरंजन!"

"आहे. आहे मी." तो धापा टाकत होता. "मला काही झालेलं नाही. पण नोरबू आणि रोलर पलीकडे राहिले. मध्ये पाणी आहे. त्याचा तुकडा मोठा आहे, मैलभर तरी असेल. तो मला हात करतोय."

"आणि तुझा?"

रेडिओवर तो पावलं मोजताना ऐकू आला.

"निरंजन, तुझा तुकडा केवढा आहे?"

"फुटबॉलच्या मैदानाएवढा. रुंदी थोडी कमीच."

त्या लादीची जाडी अडीचशे मीटर होती. हे दोघांनाही पाठ होतं. रुंदीपेक्षा जाडी जास्त असलेला तुकडा पाण्यात उभा राहू शकत नाही. पाट उभा करून पाण्यात सोडला तर तो आडवा होतो, तसाच तोही आडवा होतो. किती वेळात, हे कुणालाही सांगता येत नाही.

"हेलिकॉप्टर?" त्याने विचारलं.

उल्काने वैमानिकाकडे पाहिलं. तो दारात उभा होता. दोनदा प्रयत्न करून आला होता. दुसऱ्यांदा पंखा खडकाला लागता लागता राहिला होता. त्याने मान हलवली, आणि मग तो तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिला.

"वारा जरा कमी झाला की निघतायत," ती म्हणाली.

"खोटं बोलता येत नाही तुला. कधीच यायचं नाही." मग म्हणाला, "उल्का, मी गच्ची बांधली आणि पन्हाळंच ठेवलं नाही गं. एवढी साधी गोष्ट."

"माझ्याही लक्षात आलं नाही."

"आता ते राहू दे. बाकीचे रोलर बंद करायला सांग. तिकडच्या मोठ्या लादीवर सहा चालू आहेत. माझं नाव घेऊन सांग. मी म्हणालो म्हणून सांग. सांगशील ना?"

"सांगेन."

"कलतोय," तो म्हणाला. अगदी साध्या आवाजात, बस आली असं सांगावं तसा. "उल्का, कलतोय हा."

त्यानंतर रेडिओवर खरखर राहिली. उल्का ती ऐकत राहिली. केळुसकरांनी शेवटी तिच्या हातातून माइक काढून घेतला, तेव्हा तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

दुसऱ्या दिवशी वारा पडला. नोरबूला त्याच्या तुकड्यावरून उचलून आणलं. तो धडधाकट होता. निरंजनचा तुकडा उलटलेला सापडला. त्याची वर आलेली बाजू काचेसारखी गुळगुळीत, निळी होती आणि तिच्यावर काहीही नव्हतं. नोरबू उल्कासमोर येऊन उभा राहिला. त्याला काहीतरी सांगायचं होतं. त्याने दोन्ही हात पुढे केले, मध्ये अंतर ठेवून, आणि तो रडायला लागला. भेग त्या दोघांच्या मधून गेली होती. तिने माणूस निवडला नव्हता.

यवतमाळला निरंजनची आई होती. कुमुदताई गावंडे, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. नवरा लवकर गेल्यावर रात्रपाळ्या करून त्यांनी मुलाला शिकवलं होतं. उल्का त्यांच्याकडे येऊन राहिली. येणारे-जाणारे विचारायचे, ती उत्तर द्यायची, पण आपण दुसऱ्या कुणाबद्दल बोलतोय असं तिला वाटायचं. केंद्राकडे तिने दोन पानांचा अहवाल पाठवला होता. चौकशी चालू आहे, असं उत्तर आलं. वर्तमानपत्रांत आलं ते वेगळंच: अभूतपूर्व वादळात लादी फुटली, भारतीय संशोधकाला वीरमरण. प्रकल्प चालवणाऱ्यांनी यंत्राला निरंजनचं नाव द्यायचं ठरवलं. मोठ्या लादीवरचे सहा रोलर आता बारा होणार होते.

त्यासाठी यवतमाळच्या सभागृहात समारंभ ठरला. सकाळी कुमुदताई ठेवणीतली साडी नेसून तयार झाल्या. उल्का पलंगावर बसून होती.

"उठ गं. गाडी येईल आता."

"मी नाही येत आई."

"काहून?"

उल्काने पांघरुणाची घडी घालायला घेतली.

"चार महिने झाले, बघते आहे मी," कुमुदताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला. "त्याच्या फोटोपुढे बसत नाहीस. कुणी त्याचं चांगलं बोललं की उठून आत जातेस. माझ्या लेकाचं कौतुक होतंय ते तुला बघवत नाही का?"

"तसं नाही आई."

"मग कसं? सांग ना. तूच तर होतीस तिथे. शेवटी काय बोलला तो? मला एकदाही सांगितलं नाहीस तू."

उल्काने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने सांगितलं. चहापासून सुरुवात केली. हिम कसं मुरतं, फटी कशा मिटतात, पाणी कुठे जायचं आणि का जाईना. मध्येच कुमुदताई खाली बसल्या.

"म्हणजे पाणी मुरायला जागाच ठेवली नाही त्याने," त्या म्हणाल्या.

"आम्ही कुणीच ठेवली नाही."

"आणि शेवटी?"

"बाकीचे रोलर बंद करायला सांग, म्हणाला. माझं नाव घेऊन सांग, म्हणाला."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. कुमुदताईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि उल्काला वाटलं आता त्या कोसळतील. त्या कोसळल्या नाहीत.

"आणि तू सांगितलंस?"

"अहवालात लिहिलंय."

"त्याने लिही म्हटलं होतं का सांग म्हटलं होतं?"

"लोक म्हणतील, याच्याच यंत्राने लादी फोडली," उल्का कशीबशी म्हणाली. "तुम्हाला ते ऐकावं लागेल. रस्त्याने जाता-येता."

"अगं, वॉर्डात चुकीचं औषध चढतंय हे कळलं, की आधी सलाईन बंद करायची. कुणी लावलं ते मागून." त्या उठल्या. हॉर्न पुन्हा वाजला. "ती गाडी जाऊ दे. कुणाला सांगायचं असतं हे? फोन लाव."

सुनावणी व्हायला तीन आठवडे लागले. पडद्यावर प्रकल्प चालवणाऱ्या नऊ देशांचे लोक होते. उल्का बोलत होती आणि शेजारच्या खुर्चीवर कुमुदताई ताठ बसल्या होत्या. अध्यक्षांनी शेवटी विचारलं, "मॅडम, हे यंत्र तुमच्या पतीचं. त्याच्यामुळेच लादी फुटली, असं तुम्हाला नोंदवायचं आहे का?"

उल्काने शेजारी पाहिलं. कुमुदताईंची नजर पडद्यावरच होती. दुभाष्याने प्रश्न मराठीत सांगितला होता. त्यांनी तो पुरता ऐकला होता. त्यांनी फक्त उल्काच्या हातावर हात ठेवला.

"हो," उल्का म्हणाली. "आणि हे निरंजनचंच म्हणणं आहे."

केळुसकरांनी आणि नोरबूनेही तेच सांगितलं. रोलर थांबले. तोवर मोठ्या लादीचा जवळजवळ निम्मा भाग घट्ट झाला होता. झालेलं परत भुसभुशीत करण्याचा उपाय जगात कुणाकडे नव्हता. त्याला हिमच पडावं लागतं, आणि शंभर वर्षं.

यवतमाळमध्ये व्हायचं ते झालं. आई आणि बायको न आल्याने समारंभ त्या दिवशीच रद्द झाला होता. वाण्याच्या दुकानात कुणीतरी कुमुदताईंना ऐकू जाईल असं बोललं. त्यांनी पिशवी भरली, पैसे दिले आणि त्या घरी आल्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. उल्काला त्यांनी का ते सांगितलं नाही; तिला ते शेजारणीकडून कळलं.

तिथल्या पुढच्या उन्हाळ्यात, डिसेंबरमध्ये, उल्का पुन्हा दक्षिण ध्रुवाकडे गेली. मोठ्या लादीवर लक्ष ठेवायला माणसं हवी होती. ही लादी महाराष्ट्रातल्या एखाद्या जिल्ह्याहून मोठी होती. जानेवारीच्या मध्याला तोच उबदार वारा सुटला. बर्फावरची माणसं आधीच हलवली होती. उल्का टेकडीवरच्या तंबूतून बघत होती. तळी साचली. सीमा तशीच आखल्यासारखी दिसायला लागली. मग ठिपके विझायला लागले आणि जमीन हादरली. तिच्याबरोबरच्या तरुण मुलीने किंकाळी फोडली. हे होणार, इथेच होणार, असं उल्काने नऊ देशांना सांगितलं होतं. तरी ते पुन्हा होताना पाहून ती दगडावर बसली.

फुटण्याची लाट सीमेपर्यंत आली. तिथे पांढरं, भुसभुशीत, शतकाचं मुरलेलं हिम होतं. त्यावर एकही तळं नव्हतं. सीमेला एक लांब काळी रेघ उमटली. उल्का बघत राहिली. रेघेच्या अलीकडचं सगळं सुटं होऊन चाललं होतं. रेघेच्या पलीकडचं हललं नाही.

दुसऱ्या दिवशीही हललं नाही. वारा थांबला तेव्हा तिने यवतमाळला फोन लावला.

"किती गेली?" कुमुदताईंनी विचारलं. त्या फोनपाशीच बसल्या असाव्यात.

"अर्धी."

"आणि अर्धी?"

"उभी आहे आई. मागचा बर्फ अडलाय."

पलीकडे कुमुदताईंनी नाक ओढलं.

"मग ये आता घरी," त्या म्हणाल्या.